१४० किलोंची नोकरी : ऑफेन्सिव्ह लाइनमनची कारकीर्द नेमकी कशी असते

टेक्सासमधल्या एका मराठी आईचा प्रश्न असा आहे : "मुलगा सोळा वर्षांचा आहे. उंची सहा फूट चार इंच, वजन ११५ किलो. हायस्कूलच्या फुटबॉल संघात ऑफेन्सिव्ह टॅकल खेळतो. कोच म्हणतात, अजून पंधरा किलो चढवलं तर कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल, पुढे एनएफएलसुद्धा अशक्य नाही. आमच्या घरात यातलं कुणालाच काही कळत नाही. ही खरंच कारकीर्द म्हणावी का? आणि यात मुलाच्या शरीराचं काय होतं?"

ताई, मी मूळचा नाशिकचा फिजिओथेरपिस्ट. इकडे येऊन ॲथलेटिक ट्रेनिंगमध्ये (खेळाडूंच्या दुखापती टाळणं आणि त्यांवरचे उपचार) मास्टर्स केलं आणि तेव्हापासून कॉलेज फुटबॉलच्या संघांबरोबरच काम करतो आहे. ट्रेनिंग रूममध्ये सकाळी सगळ्यात आधी येणारी आणि सगळ्यात उशिरा जाणारी मुलं ऑफेन्सिव्ह लाइनचीच असतात. त्यामुळे मी पैशांचं नंतर सांगेन, आधी शरीराचं सांगतो.

कारकीर्द आहे, हे नक्की. ती फार थोड्यांना मिळते, आणि ज्यांना मिळते त्यांतल्या बहुतेकांची तीन-चार हंगामांत आटोपते. या कामात वजनाचे तीन टप्पे येतात : चढवायचं, ते घेऊन खेळायचं आणि शेवटी उतरवायचं. कोचनी तुम्हाला पहिला टप्पा सांगितलाय. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची चौकशी घरच्यांनाच करावी लागते, आणि ती आत्ताच करायला हवी.

आधी काम काय ते समजून घ्या. हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल; एनएफएल ही त्यातली व्यावसायिक लीग. बॉल ज्यांच्याकडे असतो त्या संघाची पुढची फळी म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, तिच्यात पाच जण. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. ५० ते ७९ मधला क्रमांक घातलेल्या या खेळाडूंना एरवी पास झेलता येत नाही. बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची आणि पास टाकायचा असेल तेव्हा तो टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. कबड्डीत साखळी करून बचाव करणारे आठवा : एकाचा हात सुटला की बाकीच्यांनी केलेलं सगळं वाया जातं.

तुमचा मुलगा टॅकल आहे, तर त्याच्या एका प्लेकडे, म्हणजे बॉल हलल्यापासून थांबेपर्यंतच्या एका तुकड्याकडे, जवळून बघा. पास असेल तेव्हा बॉल हलताच त्याचा बाहेरचा पाय मागे सरकतो, आतला पाय तेवढाच त्याच्या मागून येतो. पाय कधीही एकमेकांवरून ओलांडायचे नाहीत. कंबर खाली, पाठ सरळ, वजन आतल्या पायावर. क्वार्टरबॅकवर कडेने चाल करून येणारा समोरचा एज रशर साधारण १२० किलोंचा असतो आणि तो पुढे पळत येतो. टॅकल मात्र मागे सरकत त्याला थोपवतो. मग हातांचा पंजा त्याच्या छातीवर, दोन्ही खांद्यांच्या आत बसला पाहिजे. पंजा बाहेर गेला की जर्सी धरली जाते आणि पंच होल्डिंग देतो, दहा यार्डांचा दंड. हात लवकर टाकला तर समोरचा तो झटकून कोपऱ्यावरून वळतो. उशिरा टाकला तर तो अंगावर चढलेला असतो. टॅकलकडे वरचढ अशी एकच गोष्ट असते, बॉल कधी हलणार हे त्याला माहीत असतं. परक्या मैदानावर ऐंशी हजार माणसं ओरडत असताना तीही राहत नाही. क्वार्टरबॅकचा आवाजच ऐकू येत नाही, म्हणून गार्ड मागे बघतो, सेंटरला हाताने खूण करतो, सेंटर मान हलवतो आणि टॅकल डोळ्याच्या कोपऱ्यातून बॉल बघून उठतो. क्षणभर आधी हलला तर फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड मागे.

हे सामन्यात साठ-सत्तर वेळा करायचं असतं. म्हणून नुसता धिप्पाड मुलगा इथे टिकत नाही. पायांची चपळाई, कंबरेतून खाली बसण्याची क्षमता आणि डोकं, या तीन गोष्टी मी वजनाच्या आधी बघतो.

डोक्याबद्दल मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की ही रेटारेटी आहे. सेंटरला प्रत्येक प्लेआधी समोरची मांडणी वाचून कोण कुणाला अडवणार हे ओरडून सांगावं लागतं. फिलाडेल्फिया ईगल्सचा जेसन केल्सी या कामातला अव्वल माणूस. सिनसिनाटी विद्यापीठात तो स्कॉलरशिपशिवाय आला, आधी लाइनबॅकर (बचावफळीच्या मागे उभा राहणारा खेळाडू) होता. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर निवडला गेला. बाकीच्या सेंटरांच्या मानाने अंगाने लहान म्हणून इतक्या उशिरा. तेरा हंगाम खेळून २०२४ मध्ये निवृत्त झाला, तोवर सहा वेळा लीगच्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव आलं होतं. समोरच्याचा पुढचा बेत ओळखण्यात तो इतरांच्या अर्धा सेकंद पुढे असायचा.

त्याच संघातला जॉर्डन मैलाता वेगळीच गोष्ट सांगतो. सिडनीचा, सामोअन घरातला, रग्बी लीग खेळणारा. २०१८ मध्ये ईगल्सने त्याला सातव्या फेरीत घेतलं तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. लाइनचे कोच जेफ स्टाउटलंड यांनी त्याला उभं कसं राहायचं इथपासून शिकवलं. पहिला नियमित हंगामातला सामना मिळायला २०२० उजाडलं. २०२५ च्या फेब्रुवारीत ईगल्सने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा डावा टॅकल तोच होता. तुमच्या मुलासाठी यातलं घेण्यासारखं हे की लाइनमन उशिरा पिकतो. सोळाव्या वर्षी शरीर घाईने फुगवण्याची गरज नसते. कॉलेजेस पहिलं वर्ष बहुतेक लाइनमनना बाजूला बसवून फक्त व्यायाम आणि तंत्र शिकवतात, त्याला रेडशर्ट म्हणतात. वजन चढवण्याची खरी जागा ती.

आता त्या पंधरा किलोंबद्दल. आज एनएफएलमधला सरासरी लाइनमन सुमारे १४० किलोंचा आहे. सत्तरच्या दशकात ११५ किलोंचे लोक हेच काम करत होते. हे वजन आपोआप येत नाही. कॉलेजातली मुलं दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी खातात. रात्री झोपण्यापूर्वी शेक, पहाटे उठून अंडी, भूक नसतानाही ताट संपवायचं. मी अशी मुलं बघितली आहेत की ज्यांना सामन्यापेक्षा जेवणाचा ताण जास्त असतो.

वाढत्या वयातल्या मुलाचं वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त चढत असेल तर त्यात चरबीच अधिक असते. पंधरा किलो चार महिन्यांत नव्हे, दोन वर्षांत. आणि ती चढताना पायांची चपळाई आणि उडी मोजत राहायचं. ती घसरली की वजन थांबवायचं. आपल्या स्वयंपाकघरात याला पुरेसं सामान आहे : मोड आलेल्या कडधान्यांच्या उसळी, वरण, दही, पनीर, अंडी, चालत असेल तर मासे-चिकन, पोळ्या आणि भात. मुलं बाहेर पिझ्झा-सोड्यावर वजन चढवतात तेव्हा कंबर वाढते आणि खांदे तसेच राहतात.

याच्यापुढचं मी अमेरिकी कुटुंबाला सांगतो त्याहून जास्त जोर देऊन तुम्हाला सांगतो. भारतीय वंशाच्या माणसांना मधुमेह आणि हृदयविकार इतरांपेक्षा कमी वजनावर आणि कमी वयात गाठतात. पोटाभोवती चरबी साठण्याची आपली ठेवणच तशी आहे. म्हणून वजन चढवायला सुरुवात करण्याआधी एचबीए१सी (मधुमेहाची रक्तचाचणी), लिपिड, रक्तदाब तपासून घ्या आणि दर सहा महिन्यांनी परत करा. घरात कुणाला चाळिशीत-पन्नाशीत हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, हृदयाची तपासणी कितपत करायची ते ठरवतील. घोरणं वाढलं, दिवसा डुलक्या येऊ लागल्या तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याची) तपासणी लगेच. गळ्याभोवती मांस आलेल्या या मुलांमध्ये ती तक्रार सर्रास दिसते आणि कोच त्याला आळस समजतात. विदर्भ किंवा नंदुरबारकडच्या काही समाजांमध्ये सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. घराण्यात कुठेही ते असेल तर हायस्कूलमध्येच तपासा. सिकलसेलचा एकच जनुक असलेला मुलगा एरवी ठणठणीत असतो, पण उन्हात सलग धावायला लावलं तर कोसळू शकतो. कॉलेजं ही तपासणी करतातच, पण तोवर दोन वर्षांचे ऑगस्ट महिने निघून गेलेले असतात.

आणि ऑगस्ट हा टेक्सासमध्ये सगळ्यात धोक्याचा महिना. मोठ्या देहातून उष्णता सावकाश बाहेर पडते, वर हेल्मेट आणि पॅड. कोरी स्ट्रिंगर हा मिनेसोटा वायकिंग्जचा उजवा टॅकल, वय २७. ३१ जुलै २००१ ला मॅनकेटो इथल्या सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उष्माघाताने गेला. त्याच्या नावाची संस्था आज कनेक्टिकट विद्यापीठात याच विषयावर काम करते. एवढं होऊनही २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठातला जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा लाइनमन धावण्याच्या सरावानंतर उष्माघाताने गेला. त्याला वेळेवर बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं नव्हतं, हे नंतरच्या चौकशीत निघालं. हे आठवलं की आजही मला राग येतो, कारण या मृत्यूवर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. आधी थंड करा, मग हॉस्पिटलला हलवा. मैदानाच्या कडेला भरलेला टब, बर्फ आणि तो वापरायला शिकलेला माणूस, बस.

आमच्याकडे सरावाला जाताना आणि येताना प्रत्येक लाइनमन काट्यावर चढतो. दारात वजनकाटा, भिंतीवर तक्ता, दोन रकाने. दोन तासांत तीन-चार किलो उतरलेले आकडे तिथे रोज दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पाणी भरून निघालं नसेल तर मुलगा मैदानावर जात नाही, मग कोच कितीही चिडोत. तुमच्या शाळेत हा तक्ता आहे का, टब आहे का, पूर्ण वेळ ॲथलेटिक ट्रेनर आहे का, हे उद्याच विचारा. यातलं एकही नसेल तर शाळा बदलण्याइतका हा मुद्दा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

दुखापतींचं थोडक्यात. लाइनमनचा गुडघा बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या चुकीने जात नाही. तो समोरच्याला थोपवून उभा असतो आणि बाजूने कुणीतरी त्याच्या पायावर पडतं. म्हणून कॉलेजमध्ये बरेच जण दोन्ही गुडघ्यांना ब्रेस घालतात. त्याखेरीज दुखावतात ते खांद्याचा लॅब्रम (सांध्याच्या खोबणीभोवतीची कूर्चा), घोटे, कंबर आणि बोटं. या मुलांची बोटं टेपने बांधताना पहिल्या वर्षातला हात आणि चौथ्या वर्षातला हात लगेच ओळखू येतो. क्लीव्हलंड ब्राउन्सचा डावा टॅकल जो थॉमस २००७ पासून एकही प्ले न चुकवता सलग १०,३६३ स्नॅप (म्हणजे तितके प्ले) खेळला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रायसेप्सचा स्नायू फाटला, तिथे ते थांबलं आणि तो पुन्हा खेळला नाही. एवढ्या वर्षांत त्याला प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेरीचा) एकही सामना लाभला नाही, तरी २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेला. लाइनमनची थोरवी कशात मोजतात ते यावरून कळेल.

मेंदूचा प्रश्न मात्र थोडक्यात उरकता येत नाही. लाइनमनना मोठे, डोळ्यांपुढे अंधारी आणणारे मार तुलनेने कमी बसतात. त्यांना बसतात ते लहान, दर प्लेला, डोक्याला डोकं लागून. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेबस्टर चार सुपर बोल जिंकलेला खेळाडू. निवृत्तीनंतर त्याची स्मृती आणि वागणं ढासळत गेलं आणि २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी तो गेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, आणि एनएफएल खेळाडूत सीटीई हा डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार पहिल्यांदा सापडला तो तिथे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एनएफएल खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूंत तो दिसला. हे मेंदू मुख्यतः ज्यांना त्रास होता त्यांच्या घरच्यांनी दान केलेले होते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूला हे होतंच असा त्याचा अर्थ काढू नका. पण धोका खेळलेल्या वर्षांबरोबर वाढतो, यावर माझा विश्वास आहे आणि मी मुलांना तसंच सांगतो.

तोच अभ्यास आला त्या आठवड्यात बाल्टिमोर रेव्हन्सचा गार्ड जॉन अर्शेल निवृत्त झाला, वय २६. तो एमआयटीत गणितात पीएचडी करत होता. २०१५ मध्ये सरावात डोक्याला मार बसल्यावर काही आठवडे वरच्या पातळीचं गणित जमेना, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. आज तो एमआयटीतच शिकवतो. लाइनमध्ये अशी माणसं बरीच सापडतात. लोराँ ड्यूव्हर्ने-टार्डिफ कॅन्सस सिटी चीफ्सचा गार्ड असतानाच माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टर झाला, २०२० च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला आणि कोविडमध्ये हंगाम सोडून क्यूबेकमधल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामाला गेला. अभ्यास की फुटबॉल असा वाद घरात चालू असेल तर या दोघांबद्दल मुलाला वाचायला द्या.

तुमच्या हातात जे आहे ते असं : अंगावर जाऊन होणारा सराव आठवड्यात किती वेळ होतो ते विचारा आणि कमी करायला लावा. डोकं खाली घालून धडकण्याची सवय दिसली तर ती आत्ताच मोडा. आणि मार बसल्यावर मुलाने तो लपवू नये एवढं घरातलं वातावरण मोकळं ठेवा. कॉन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला बसलेला धक्का) लपवणारी मुलं मला नेहमी भेटतात, आणि बहुतेकांना कोचपेक्षा वडील निराश होतील याची भीती जास्त असते.

आता पैसे. हायस्कूल फुटबॉलमध्ये सुमारे दहा लाख मुलं खेळतात. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत, सगळ्या जागा धरून, अडीचशेच्या आसपास मुलं निवडली जातात. ३२ संघ, प्रत्येकाचा ५३ जणांचा ताफा, त्यात लाइनमन आठ ते दहा. म्हणजे संपूर्ण लीगमध्ये तीनशेच्या आसपास जागा. २०२५ मध्ये नवख्याचा किमान वार्षिक पगार ८,४०,००० डॉलर होता. ताफ्यात जागा न मिळालेले प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये आठवड्याच्या पगारावर राहतात आणि कुठल्याही मंगळवारी घरी पाठवले जाऊ शकतात. वरच्या टोकाला टॅम्पा बेचा टॅकल ट्रिस्टन वर्फ्स, ज्याने २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी सुमारे १४ कोटी डॉलरचा करार केला. बातमीतला आकडा वाचताना त्यातली हमी असलेली रक्कम किती ते बघा. बाकीची संघ कधीही कापू शकतो. पेन्शनसाठी तीन हंगाम भरावे लागतात, आणि मोकळेपणाने दुसऱ्या संघाशी मोठा करार करायला सहसा चार. सरासरी कारकीर्द त्याच उंबरठ्यावर संपते. म्हणून मी एनएफएलला ध्येय म्हणून विरोध करत नाही, पण घराचा हिशोब कॉलेजच्या पदवीवर मांडा. तिथे लाइनमनला खरी मागणी आहे. सहा फूट चार इंचांची मुलं कमी असतात, आणि २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाईही करता येते.

तिसरा टप्पा, उतरवण्याचा. शेवटचा सामना संपतो त्या दिवशी व्यायाम निम्म्यावर येतो आणि भूक तशीच राहते. माझ्याकडे पदवीनंतर सहा महिन्यांनी भेटायला आलेल्या काही मुलांचं वजन खेळत असतानापेक्षाही वाढलेलं होतं. १९९४ साली अमेरिकी सरकारच्या संस्थेने माजी एनएफएल खेळाडूंचा अभ्यास केला, त्यात हृदयविकाराचा धोका लाइनमनमध्येच जास्त आढळला होता. उतरवता येतं, हेही तितकंच खरं. जो थॉमसने निवृत्तीनंतर पन्नासेक पौंड कमी केले. स्टीलर्सचा गार्ड ॲलन फनेका उतरून मॅरेथॉन धावला. पण त्या दोघांनी ते काम ठरवून केलं. कॉलेजच्या शेवटच्या हंगामाआधीच आहारतज्ज्ञाकडून उतरवण्याचा आराखडा करून घ्यायचा, असा आग्रह मी माझ्या मुलांना धरतो. तुमच्या मुलाने तर चढवण्याचा आराखडा घेतानाच तो मागावा.

रिक्रूटिंगला, म्हणजे मुलाला कॉलेजच्या संघात ओढायला, कोच घरी येतील तेव्हा ते जेवणाची तारीफ करतील, स्टेडियमचे फोटो दाखवतील. तुम्ही तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. गुडघा गेला तर स्कॉलरशिप चालू राहील का? खेळणं संपल्यावर उपचारांचा खर्च किती काळ कोण देणार? २०२४ पासून एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी संस्था, दोन वर्षांपर्यंतचं विमासंरक्षण देते. त्यापलीकडे कॉलेज स्वतः काय देतं ते विचारायचं. आणि गेल्या पाच वर्षांत त्यांच्या लाइनमधल्या किती मुलांनी पदवी पूर्ण केली, कुठल्या विषयात? तिसऱ्याचं उत्तर ज्या कोचला तोंडपाठ असेल, त्याच्या कॉलेजला मुलाला घेऊन एकदा स्वतः जाऊन या, आणि तिथल्या ट्रेनिंग रूममध्ये डोकावायला विसरू नका.